उरलेला दाणा

देव आहे की नाही, या प्रश्नाचा निकाल मी वयाच्या अठराव्या वर्षीच लावून टाकला होता. आमच्या घरात पुस्तक नव्हतं. कुडाच्या भिंतीच्या फटींतून वारा येऊ नये म्हणून त्यांत आदिवासींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची जुनी पत्रकं कोंबलेली असायची. शाळेतून आलो की मी ती एकेक उपसून वाचायचो आणि आई ओरडली की परत खुपसायचो. माझं बालपण असं ठळक अक्षरांत आणि उद्गारचिन्हांत गेलं. त्यामुळे आज मी देवाबद्दलचा ‘अनुभव’ म्हणून काही लिहितो आहे, हे संघटनेतल्या माझ्या सोबत्यांना रुचणार नाही. मला स्वतःलाही ते सोपं जात नाही. पण ही गोष्ट सांगितली नाही, तर तीही एक लबाडीच ठरेल, आणि लबाडीविरुद्ध मी पुष्कळ लिहिलेलं आहे.

आमचा पाडा मोखाड्याच्या डोंगरात, पोशेऱ्याच्या बाजूला. माझा बाप तिथला भगत. कुणी आजारी पडलं, गाय हरवली, सून नांदेना, की माणसं त्याच्याकडे, माझ्या बाकडे, यायची. बा सुपात मूठभर तांदूळ घ्यायचा, देवाचं नाव घ्यायचा आणि दोन दोन दाणे बाजूला सारत जायचा. सगळ्या जोड्या लागल्या की देवाचं उत्तर ‘हो’. शेवटी एक दाणा उरला की ‘नाही’. एवढीच ती विद्या. लहानपणी मी त्याच्या मांडीशी बसून ते डोळे मोठे करून पाहत असे. कॉलेजात गेल्यावर मला त्याची लाज वाटू लागली, आणि लाजेचा राग व्हायला वेळ लागत नाही.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आमच्या भागात लेकरं तापानं, उपासमारीनं जात होती, आणि दवाखान्यात न्यायच्या आधी त्यांना भगताकडे नेलं जात होतं. हे मी पाहिलेलं होतं आणि त्याबद्दलचा माझा संताप खरा होता. आजही खरा आहे. मी एक पत्रक लिहिलं. नाव दिलं, ‘भगताच्या सुपात काय?’ जव्हारच्या छापखान्यात पिवळ्या कागदावर ते छापून घेतलं. कुणाचंही नाव मी घातलं नव्हतं. पण भाद्रपदात मोखाड्याच्या आठवडी बाजारात मी ते भोंग्यावरून वाचून दाखवलं, तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की वाचणारा कुणाचा मुलगा आहे. ‘भगत पोरांना दवाखान्याची वाट दाखवत नाही, मसणाची दाखवतो,’ हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा टाळ्या पडल्या होत्या. दुसऱ्यांदा मान वर केली तेव्हा सुकट विकणाऱ्या बाईपाशी बा उभा दिसला. त्याच्या हातात मिठाची पुडी होती.

तो पुडी घेऊन वळला. घरी आला, सूप खुंटीला अडकवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्याला सांगू लागला, “भगत आता नाय.” दिवाळीनंतर पाड्यातली निम्मी माणसं शहराकडे कामाला जातात. बा आयुष्यात कधी गेला नव्हता. त्या वर्षी तो दिवाळीपर्यंतही थांबला नाही. शेतात लवकर पिकणारा हळवा भात कापणीला आलेला होता. आमच्यात नवा तांदूळ घरच्या कर्त्यानं आधी देवाला दाखवायचा, मग घरानं खायचा. बा तो दाखवायच्या आधीच गेला. एका पहाटे जव्हारच्या मुकादमाच्या ट्रकमध्ये बसला, एवढंच कळलं.

आईनं भात कापला, झोडला, कणगीत भरला आणि कणगीचं तोंड शेणानं लिंपून टाकलं. नागलीची भाकरी आणि वरईवर तिनं दिवस काढले. मी म्हणालो, “आय, मी दाखवतो देवाला, तू खा.” ती म्हणाली, “तुझा देव कुठं हाय दाखवायला?” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. सहा महिने त्या बाईनं घरात तांदूळ असून भाताचं शीत तोंडात घातलं नाही. तिच्या गालांची हाडं वर आली. मी उपासमारीवर पत्रकं लिहीत होतो, आणि माझ्या चुलीपाशी माझ्याच एका वाक्यामुळे एक बाई उपाशी राहत होती.

शिमग्याला शहरातली माणसं परतली. बा आला नाही. एकानं सांगितलं की बांधकामावर त्याची कंबर धरली, तेव्हा त्यानं ते काम सोडलं. आता तो मुंबईत बंदराकडं कुठंतरी गाद्या झटकायचं काम करतो. “एका खोलीत वीस वीस खाटा. पाठीवर पोती बांधून लोक येतात नि झोपून जातात. गोरेबी येतात.” यापेक्षा जास्त त्याला सांगता येईना. आईनं ते सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, “तू चांगला लिवतस ना? त्याला एक चिठी लिव.”

“पण पत्ता?”

“पत्ता तू शोध.”

मी मित्राची खाकी पाठपिशवी मागून घेतली. तीत एक चादर, दोन सदरे, नागलीच्या भाकऱ्या आणि खाली पत्रकांचा गठ्ठा. गठ्ठा कशाला घेतला, ते आज मला सांगता येत नाही. बापाला शोधायला निघालोय हे स्वतःपाशी कबूल करायला नको म्हणून असेल. निघताना आईनं कणगीचं लिंपण फोडून मूठभर तांदूळ काढला आणि फडक्यात बांधून दिला. “त्याच्या हातात दे. तिथंच देवाला दाखवू दे. तू आलास नि सांगितलंस की मी भात घालीन चुलीवर.”

मुंबईत बंदराच्या अंगाला जुन्या इमारतींत स्वस्तात राहायच्या अशा बऱ्याच जागा होत्या. कुणी त्यांना धर्मशाळा म्हणे, कुणी यात्री निवास, कुणी डॉर्मिटरी. दोन मजली लोखंडी खाटा, खाटेवर खडूनं लिहिलेला नंबर, एका नळावर दहा जण. मी ठरवलं की एकेका जागी दोन दिवस राहायचं, तिथल्या लोकांना विचारायचं, आणि नाही मिळाला की पिशवी पाठीला लावून पुढची जागा गाठायची. सोबतीला जगभरची माणसं होती. एक गोरा पोरगा खालच्या खाटेवर नकाशा पसरून बोटानं गल्ल्या शोधत बसायचा. मी तसाच फिरत होतो, फक्त माझ्याजवळ नकाशा नव्हता. दारातल्या वहीत ‘मुक्कामाचं कारण’ असा एक रकाना असे. पहिल्या ठिकाणी मी तिथं ‘जनजागृती’ असं लिहिलं.

माझी चूक मला फार उशिरा कळली. माझ्या बापाला आमच्याकडे कुणी नावानं हाक मारत नाही. कागदावर तो जानू आहे, पण पाड्याला, बाजाराला, तलाठ्यालासुद्धा तो भगत. मी दारोदार जाऊन विचारत होतो, “मोखाड्याकडचे भगत आहेत का इथं?” आणि शहरात भगत हे आडनाव आहे! दुसऱ्या जागी पहारेकऱ्यानं मोठ्या उत्साहानं आतून एक मिशीवाला माणूस आणून उभा केला. तो उरणकडचा निघाला.

“मीच भगत. बोल.”

“नाही, म्हणजे… भगत. दाणे बघणारे. अंगात देव येणारे.”

तो पहारेकऱ्याकडे वळून हसला. “आमचा अर्धा गाव भगत हाय रे! पण देव एकाच्याबी अंगात येत नाय. आमच्या अंगात येतो तो थंडीताप.” मग माझा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. “कोण लागतो तुझा?”

“बाप.”

“बापाला भगत बोलतोस?” त्यानं मला चहा पाजला, आजूबाजूच्या आणखी तीन जागा सांगितल्या आणि पाठीवर थाप मारली. त्याचा प्रश्न मात्र माझ्या पिशवीत आणखी एका ओझ्यासारखा बसला. बापाला मी हाक तरी काय मारत होतो? शेवटची हाक तर भोंग्यावरून मारली होती.

असे दहा दिवस गेले. तिसऱ्या वहीत मी ‘काम’ लिहिलं. चौथीत रकाना रिकामा सोडला. पाचव्या जागेवरच्या मॅनेजरनं रिकामं सोडू दिलं नाही. पेन परत हातात दिलं. मी लिहिलं, ‘बाप’. त्यानं ते वाचलं आणि वही मिटली. भगत इथं आहे का, असं विचारल्यावर मात्र त्यानं मान हलवली. “भगत नावाचं कोणी नाही. जानू? तोही नाही. म्हातारा, बारीक? अहो, इथले सगळे म्हातारे बारीकच.”

त्या जागेचा नियम असा की सकाळी दहाला सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि चारला परत यायचं, मधल्या वेळात खोल्या साफ होणार. दोन दिवस मी तो नियम पाळला. तिसऱ्या सकाळी घरी परतायचं ठरवून उठलो आणि उभाच राहता येईना. अंगात कापरं भरलं होतं. उरणकरांचा थंडीताप, असं मनात आलं आणि हसूही आलं. मॅनेजरनं कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, “पडून राहा दुपारपर्यंत. मग बघू.” खोली रिकामी झाली. खिडकीतून ऊन माझ्या खाटेपर्यंत आलं होतं आणि बाहेरच्या गजावर चिमण्या भांडत होत्या.

आता मी जे सांगणार आहे, ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी पिशवीतून आईचं फडकं काढलं. रिकाम्या हातानं परत जाऊन आईला काय सांगू, हे मला सुचत नव्हतं. तिनं पुढचं वर्षही नागलीवर काढलं असतं, तिचा स्वभाव मला ठाऊक होता. मला विचारायला माणूस उरला नव्हता. मग मी, ‘भगताच्या सुपात काय?’ असं विचारणारा, त्या खिडकीच्या कठड्यावर चिमूटभर तांदूळ ठेवला आणि पुटपुटलो, “माझा बा या शहरात आहे का? मला भेटेल का?” देवाचं नाव मला घेता आलं नाही. नुसतं ‘कोण असशील तो’ म्हणालो. दोन दोन दाणे सारत गेलो. नऊ जोड्या लागल्या. एक दाणा उरला.

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. ज्याच्यावर आपला विश्वासच नाही, त्याचा नकारही इतका लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

थोड्या वेळानं चादरी गोळा करायला एक बाई आली. मी डोळे मिटून होतो. तिच्या चादरी ओढण्याचा आवाज खिडकीपाशी येऊन एकदम थांबला.

“हे दाणं कोणी मांडलं?”

तो ‘दाणं’ ऐकून मी डोळे उघडले. लुगडं घोट्याच्या वर, कपाळावर गोंदण. आमच्या डोंगरातली बाई. मी म्हणालो, “मी.”

“तू कुठला रं पोऱ्या? हे असं जोडीनं मांडणारा आमच्याकडचाच पायजे.”

“मोखाड्याकडचा.”

ती चादरींचा ढीग तसाच सोडून समोरच्या खाटेवर बसली. तिचं सासर-माहेर दोन्ही आमच्याच बाजूचं निघालं. सहा महिने दाबून ठेवलेलं असावं तशी ती बोलत सुटली. “आमचा एक बाबा हाय इथं, गाद्या झटकतो. तो मांडायचा असं, पाड्यावर होता तवा. आता हात लावत नाय. त्याच्या पोऱ्यानं कागद छापला त्याच्यावर. बाजारात वाचला, भोंगा लावून! शिकला नि मोठा झाला. मला भेटू दे एकदा, त्याचा भोंगा मी त्याच्याच…” ती थांबली. “माझी पोर तापली होती. नवरा बोलला, दवाखाना नको, सुई टोचतात नि पोरं मरतात. सासूबी तेच. बाबाकडं नेली. त्यानं दाणं मांडलं नि बोलला, देव सांगतो, जव्हारला सरकारी दवाखान्यात न्या, आजच्या आज न्या. देव बोलला म्हणून नवरा उठला. नुसता डाक्टर बोलला असता तर उठला असता का? पोर माझी आता चौथीत हाय. सगळ्यांना तेच सांगायचा तो, पोरांचा ताप असला की देव दवाखान्याकडंच बोट दाखवायचा. त्या कागदात हे होतं का?”

घरात राहून, त्याच्या मांडीशी बसून मोठा होऊन, ‘देवानं काय सांगितलं’ हे मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. मी फक्त दाणे पाहिले होते. पाड्यावरची मसणवाट मी खरी पाहिली होती. इतर गावांतले दुसरे भगतही मी पाहिले होते. पण माझ्या घरातला भगत पाहायचा राहून गेला.

“नव्हतं,” मी म्हणालो. “बाई, तो पोऱ्या मीच.”

ती उठली. मला वाटलं, आता मारते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कठड्याकडे. “काय निघालं दाण्यांत?”

“एक उरला. नाही म्हणाला.”

“कुठं उरलाय? सगळी जोडीच हाय.”

मी कोपरावर उठून पाहिलं. नऊ जोड्या जागच्या जागी होत्या. उरलेला दाणा तिथं नव्हता. गजावर एक चिमणी चोच पुसत बसली होती.

“मॅनेजर बोलतो भगत नावाचा कोणी नाही,” मी म्हणालो.

“कसा असंल? ट्रकवाल्यानं जव्हार, जव्हार म्हणून आणला, ते नाव पडलं. इथं त्याला सगळे जव्हार बोलतात. भगत बोलायचं नाय, अशी शपथ घातलीय त्यानं मला.”

म्हणजे ज्या शब्दानं मी त्याला शहरभर शोधत होतो, तो शब्द माझ्याच कागदानं त्याच्याकडून काढून घेतला होता. दोन दिवस मी त्यानं झटकलेल्या गादीवर झोपत होतो आणि सकाळी दहाला नियमानं बाहेर पडत होतो. तो दहानंतर येत होता. ताप आला नसता तर त्या दिवशीही मी दहाला पिशवी घेऊन बाहेर पडलो असतो आणि थेट घराची गाडी पकडली असती.

बा अकराच्या सुमारास आला. खांद्यावर उशांचं गाठोडं होतं. दारात मला पाहून त्यानं ते सावकाश खाली ठेवलं. मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. मी नुसता उठून बसलो. तो जवळ आला, हाताची पालथी बाजू माझ्या मानेला लावली आणि म्हणाला,

“ताप हाय तुला. दवाखान्यात जाऊन आलास?”

मी रडलो. भाषणं करणारा, मोर्चात पुढे चालणारा मी त्या वीस खाटांच्या खोलीत लहान पोरासारखा रडलो. बाई चादरी घेऊन गच्चीवर निघून गेली. मी फडकं पुढे केलं. “आयनं दिलंय. नवं हाय. ती भात खात नाय, बा.” त्यानं फडकं दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि सदऱ्याच्या आत ठेवलं. “हां. पण आधी डाक्टर.”

पालिकेच्या दवाखान्यात रांगेत बसलो असताना त्यानं खिशातून एक घडी काढली. पिवळा कागद, घड्यांवर फाटत आलेला. माझं पत्रक. “लोकांना दाखवतो मी,” तो म्हणाला. “पोऱ्यानं लिवलाय बोलतो. काय लिवलाय ते नाय सांगत.” मग बोट ओळींवरून फिरवत, “अक्षरं कशी एका रांगेत हायत बघ. लावणीसारखी.” त्याला वाचता येत नव्हतं. पण बाजारात ऐकलेला शब्द न् शब्द त्याला पाठ होता, हे मला नंतर कळलं.

हिवताप निघाला. गोळ्या घेऊन चार दिवसांनी आम्ही घरी आलो. निघताना मॅनेजरनं वही उघडून माझ्या नावापुढचा रकाना बाला दाखवला आणि ‘बाप’ हा शब्द वाचून दाखवला. बानं त्यावर अंगठा टेकवला, जणू त्याचीच सही हवी होती. घरी आल्यावर त्यानं आंघोळ केली, खुंटीवरचं सूप उतरवून पुसलं आणि फडक्यातला तांदूळ देवापुढे ठेवला. मी पाठीमागे उभा होतो. हात जोडू की नको, हे ठरेना, म्हणून नुसता उभा राहिलो. आईनं भात रांधला. पहिला घास तोंडात घालून ती बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, “मीठ कमी हाय,” आणि तिघंही हसलो.

पत्रकं मी अजून लिहितो. तापलेलं लेकरू आधी दवाखान्यात न्या, हे आजही ठळक अक्षरांत लिहितो. त्यात मी तसूभरही मागे हटलेलो नाही. त्या पावसाळ्यात मात्र मी एक नवं पत्रक काढलं. त्यात आधीच्या पत्रकातलं एक वाक्य खोटं होतं असं मी लिहिलं, आणि मोखाड्याच्या बाजारात त्याच भोंग्यावरून ते वाचलं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. बा सुकटवालीपाशी उभा होता.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्याला विचारलं, “बा, लेकराचा ताप असला आणि शेवटी एक दाणा उरला, तर? देव ‘नाही’ म्हणाला तर पोर घरीच ठेवायचं?”

बानं इकडेतिकडे पाहिलं. आई आत होती.

“तवा एक दाणा मी खायचो,” तो म्हणाला.

“आणि देवाला चालायचं ते?”

“दाणा उरतो तो त्यासाठीच असंल. कोणीतरी खावा म्हणून.”

बंदराजवळची ती खिडकी, नऊ जोड्या आणि गजावर चोच पुसणारी चिमणी मला आठवली. चिमण्या दाणे खातातच, हे मला ठाऊक आहे. त्याचं कारण मी कुणाहीपेक्षा चांगलं समजावून सांगू शकतो. पण त्या सकाळी माझा ‘नाही’ कुणीतरी खाऊन टाकला, एवढं मात्र खरं. कोणी, ते मी विचारत नाही. आमच्या घरात नवा भात शिजतो तेव्हा मी एक शीत बोटावर घेतो, बाहेर जातो आणि कुंपणावर ठेवून येतो. त्या वेळी ओठ हलतात. आता ते मी थांबवत नाही.